पाणकांदा

"घरी सांगून आलीस ना?" आईनं मला विचारलं.

चाळोबाच्या पाणथळीच्या फाटकाशी, एका चपट्या दगडावर मी तिला बसवलं होतं आणि खाली उकिडवी बसून तिच्या पायांत गमबूट चढवत होते. सप्टेंबर संपत आला होता. सकाळचे नऊ वाजून गेले तरी धुकं हललं नव्हतं. तिचा एक हात तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर होता.

"सांगून आले," मी म्हटलं.

"नाहीतर उशीर होतो आणि मग पालक माझ्याकडे येतात. मागच्या सहलीनंतर त्या शिंत्र्यांची आई रडत आली होती कॉलेजात. तुझी आई काळजी करणारी आहे का?"

"नाही. फारशी नाही."

"बरं आहे," आई म्हणाली. "डावा घट्ट होतोय."

दीड वर्षापासून मी तिची विद्यार्थिनी होते. वाईट दिवशी मी अकरावीची असायचे, चांगल्या दिवशी एम.एस्सी.ची. बत्तीस वर्षं तिनं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे घरात वावरणारी, तिला औषधं देणारी, चाळीस वर्षांची ही अनोळखी बाई कोण, याचं तिला सापडलेलं उत्तर तसं चुकीचं नव्हतं. विद्यार्थिनी म्हणून ती माझ्याशी नेहमी चांगली वागली. आई म्हणून ती इतकी शांतपणे माझं ऐकून घेत नसे. पण मला आई हवी होती. एक दिवस, तेही जमत नसेल तर एक तास, तिनं माझ्याकडे बघावं आणि मी कोण ते तिला कळावं, एवढ्यासाठी मी तिला कोल्हापूरहून इथवर आणलं होतं. घरातल्या कुठल्याच वस्तूनं तिला परत आणलं नव्हतं. पाणकांद्याचं नाव मात्र ती अधूनमधून काढायची. "फुलला असेल आता," असं खिडकीकडे बघत म्हणायची.

पाणकांदा या एकाच पाणथळीत उगवतो. एक्क्याऐंशी साली आईनं त्याची नोंद केली, त्याच्या शास्त्रीय नावात गावाचं नाव घातलं, आणि पुढं दहा वर्षं अर्ज, निवेदनं, फेऱ्या करून ही जागा राखीव करून घेतली. आता तिला स्वतःलाच आत जायला परवानगी लागत होती. ती मिळवायला मी तीनदा वनखात्याच्या कचेरीत गेले. दोन तास, सोबत वनरक्षक, पायवाट सोडायची नाही, पानसुद्धा तोडायचं नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली होती.

वनरक्षक पुंडलिक गावडे पन्नाशीचा होता. त्याचा बाप बाळू, आई पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिचं सामान वाहायचा. पुंडलिकनं वाकून आईच्या पायांना हात लावला.

"बाळू," आई म्हणाली, "किती म्हातारा झालास रे!"

"व्हय बाई, झालो," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हळूच हसला. बाप जाऊन बारा वर्षं झाल्याचं त्यानं मला नंतर सांगितलं.

फाटकाशी मोठा फलक होता. हिरवा विषारी चापडा साप, घोरपड, अजगर, कासव, किडे खाणाऱ्या वनस्पती आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा, पाणकांद्याचा फोटो. आई तो वाचण्यात गुंतली होती तेव्हा पुंडलिकनं मला बाजूला घेतलं.

"ताई, एक सांगायचं ऱ्हायलंय. गेल्या साली अकरा होती. औंदा एकच हाय."

"एकच कांदा?"

"एकच. वरच्या अंगाला बंगलेवाल्यांनी बोअरी मारल्या, आणि हिकडचं पाणी बसलं. सायेब लोक येऊन फोटो काढून गेले. आता ह्यानं बी धरलं तर धरलं." त्यानं आईकडे नजर टाकली. "बाईस्नी सांगू नका. त्यांच्या जिवाला लागंल. लांबनं फूल दाखवू आणि फिरू माघारी."

"नाही सांगत."

"आणि झोळी तपासायचा नियम हाय. पन बाईंची झोळी मी कशी बघू?"

झोळीत काय होतं ते मला माहीत होतं. खुरपं, चाकू, भिंग आणि जुन्या वर्तमानपत्रांची घडी. सकाळी मी खुरपं आणि चाकू काढून ठेवले होते. आईनं झोळी उचलली, ती हलकी झाल्याचं तिला हाताला कळलं, आणि ती रडायला लागली. शब्द सापडत नव्हते म्हणून नुसतीच रडत राहिली. मग मी दोन्ही परत आत ठेवले.

"काही नाही त्यात," मी पुंडलिकला म्हटलं. "सवय आहे तिची, एवढंच."

पायवाट म्हणजे काळ्या कातळाच्या चिपा एकापुढं एक टाकलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना कंबरभर गवत, त्याच्या बुडाशी पाणी, आणि मधूनच उघड्या पडलेल्या लाल चिखलावर जांभळी, पांढरी बारीक फुलं. पुढं पुंडलिक काठी घेऊन, मग आई, मागं मी.

"कुठं धरू नका," पुंडलिक मागं न बघता सांगत होता. "चापडा पानागतच दिसतोय. आणि बसतोय बी नेमका कमरंच्या उंचीला. तो अंगावर येत न्हाई, आपणच त्याला धरतोय."

त्यामुळे मी सगळा वेळ आईच्या हातांकडे बघत होते. तिचे हात मोकाट होते. गवताच्या शेंड्यांवरून फिरत होते, एखादं झुडूप बाजूला करत होते. मी दर वेळी पुढं होऊन हात धरायचे, ती दर वेळी सोडवून घ्यायची.

"हिला काय म्हणतात?" तिनं वीतभर उंचीच्या जांभळ्या फुलांकडे बोट दाखवलं.

"सीतेची आसवं."

"आणि ही?"

चिखलाला चिकटून बसलेली लाल, चिकट थेंबांची चकती होती. लहानपणी शंभरदा ऐकलेलं नाव मला आठवेना.

"दवबिंदू," आई म्हणाली. "एम.एस्सी.ला आहेस ना? कुणी प्रवेश दिला तुला?"

पुढं पुंडलिक खुदकन हसला. मीही हसले. चांगला दिवस होता, निदान एम.एस्सी.चा तरी. डबक्याच्या काठावरून एक कासव पाण्यात सरकलं, आणि आईनं "कासव" म्हटलं. तेवढा एक शब्द तिला लगेच सापडल्याचाही मला आनंद झाला.

वळणाच्या अलीकडे पुंडलिकनं काठी आडवी धरली. "थांबा. वाटंवर फांदी आलीया, आणि फांदीवर दोघं हाईत."

मला आधी काहीच दिसलं नाही. मग पानांतली दोन पानं जाड दिसली, आणि एकाला डोळा.

"काठीनं उचलून पल्याड सोडतो. पाच मिन्टं. हितनं हलायचं न्हाई." तो वळणाआड गेला.

आई सापांकडे बघतच नव्हती. ती उजवीकडे, खाली, गवताच्या मुळाशी बघत होती.

"पाणी हलतंय," ती म्हणाली. "बघ. सगळीकडे साचलंय, इथं हलतंय. म्हणजे खाली कातळाचा उतार आहे."

आणि तिनं चिपेवरून पाय खाली टाकला.

मी कोपर धरलं, तिनं झटकलं. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई घोटाभर पाण्यातून अशी निघाली की मला मागं जाणंही जड गेलं. मी फक्त झुडपं बघत होते, कमरेच्या उंचीची. पंधरा-वीस पावलांवर ती थांबली. गुडघ्याएवढ्या बांबूच्या कामट्या गोल रोवलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एका देठावर पांढरं फूल होतं, सहा पाकळ्यांचं. प्रत्येक पाकळीच्या मधून एक जांभळी रेघ जात होती.

"सापडला," आई म्हणाली.

तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"बस खाली. उभं राहून वनस्पती दिसत नाही. हं, आता बघ. पान पट्टीसारखं, पण कडेला हात लाव, बारीक दाते लागतात. या दात्यांनीच मला पहिल्यांदा अडवलं. बाकी सगळं जुन्या वर्णनात बसत होतं, हे बसत नव्हतं. मुंबईहून पत्र आलं, तुमची चूक असेल. मी म्हटलं, चूक असेल तर दरवर्षी एकाच जागी कशी उगवते?"

ती थांबली नाही. पुंकेसर, बीजांड, परागण करणारा पतंग संध्याकाळी कसा येतो ते सगळं सांगत गेली. गेली दोन वर्षं तिला 'चमचा' हा शब्द सापडत नसे, ती हातानं ढवळून दाखवायची. आता एकही शब्द अडत नव्हता. चेहरासुद्धा वेगळा झाला होता, गालांखाली कुणीतरी परत माणूस भरल्यासारखा. मी चिखलात गुडघे टेकून तिच्याकडे बघत होते. फुलाकडे मी फार बघितलं नाही, हे आज कबूल करते.

बोलता बोलता तिनं दोन कामट्या उपटल्या आणि झोळीतून खुरपं काढलं.

"आई," मी म्हटलं.

तिनं ऐकलं नाही. देठापासून वीतभर अंतरावर खुरपं सरळ खाली गेलं.

"बाई," मी म्हटलं.

तेव्हा तिनं वर बघितलं. डोळे स्वच्छ होते. "काय?"

हे शेवटचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं असतं तर तिचं काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं. आधी तो चेहरा जाईल, मग ती माझ्याकडे भीतीनं बघेल, मग हातातलं खुरपं कशाला आहे तेच तिला कळणार नाही. कांदा मातीबाहेर दोन तास राहिला म्हणून मरत नाही. दुपारी ती झोपेल, मी तो पुंडलिकला देईन, तो परत लावेल. इतका सगळा विचार मी खुरपं एकदा वर येऊन पुन्हा खाली जाईपर्यंत केला.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग कागद दे."

मी झोळीतली वर्तमानपत्राची घडी उलगडून तिच्यापुढं धरली. मुळांसकट, लिंबाएवढा कांदा, पान, देठ, फूल, सगळं तिनं त्यावर आडवं ठेवलं आणि कागद दुमडला. तिला उठवून मी वाटेवर आणलं. मग परत गेले, खड्ड्यात पायानं चिखल लोटला आणि दोन्ही कामट्या पुन्हा रोवल्या.

पुंडलिक आला तेव्हा आम्ही चिपेवर उभ्या होतो.

"आईचे पाय दुखतायत," मी म्हटलं. "परत जाऊ या."

"आणि कांदा? हितंच हाय की, जवळ."

"दुपारनंतर येऊ जमलं तर."

तो आईच्या गुडघ्यांकडे बघत होता. चिखल मांडीपर्यंत चढला होता. पण बाईंना विचारणं त्याला जमलं नसावं.

विश्रामगृह फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतं. एक खोली, व्हरांडा, मागं लहानसं स्वयंपाकघर. खोलीत पोचल्या पोचल्या आईनं खुर्ची टेबलापाशी ओढली.

"आधी पाणी ठेव," ती म्हणाली. "चांगली उकळी फुटू दे. कोमट आणून ठेवशील."

"हो."

"मग चहा."

कुणी मला असं हुकूम सोडून दीड वर्ष झालं होतं. मी गॅसवर मोठं पातेलं चढवलं. पायांवरचा चिखल वाळला होता, तो निघायला गरम पाणी लागणारच होतं. बादलीत गार पाणी काढलं, टॉवेल घेतला, उकळतं पातेलं फडक्यानं धरून खोलीत नेलं आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"ताई, जरा भाईर या."

पुंडलिक पायरीवर उभा होता. त्याचे पाय ओले होते.

"खड्डा बघून आलो," तो म्हणाला.

मी हातातल्या टॉवेलाची घडी घातली.

"बाईंनी काढला. तुमी बघितलं न्हाई?"

"नाही. माझं लक्ष सापांकडे होतं."

"आणि कामट्या कुणी रोवल्या? बाई?"

मी पायरीवर बसले.

"मी सरकारी मानूस हाय, ताई. माजी सही हाय तिथं, रोजची. दर दिसाला एक कांदा बघितला म्हणून सही. ह्या फुलापायी आमची चार वाफं गेली राखीवमधी, भाताची. गाव आमच्या आबाला शिव्या घालायचं, तू त्या बाईला वाट दाखवलीस म्हणून. आबा म्हणायचा, असू दे, जगात दुसरीकडं न्हाई ते आपल्याकडं हाय." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "कांदा शाबूत हाय न्हवं?"

"आहे. मुळांसकट आहे. मी तुम्हाला आणून देणारच होते, ती झोपली की."

"मुळं तुटली न्हाईत?"

"नाही."

त्यानं श्वास सोडला आणि डोक्यावरची टोपी काढली. "मग जगतोय. मातीत गेला की जगतोय त्यो. औंदाचं फूल जाईल, जाऊ दे तिकडं. आत्ता द्या, मी आत्ताच लावतो."

"थांबा, आणते," मी म्हणाले आणि उठले. त्याच वेळी मला वास आला.

तो वास मला दुसरा कुठला वाटणं शक्य नव्हतं. लहानपणी पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात रविवारी तोच असायचा. कांद्याच्या जातीची झाडं नुसती कागदात दाबून मरत नाहीत. महिना महिना दडपणाखाली ठेवली तरी आतल्या आत जगतात, कोंब काढतात, नमुना नासतो. म्हणून आई कांदा उभा चिरायची, दोन फाका करायची आणि एक मिनिट उकळत्या पाण्यात धरायची. चहाचं आधण बाजूला ठेवून. वडील म्हणायचे, आमच्याकडे आधी कांदे पितात, मग माणसं. मी स्टुलावर उभी राहून साठपर्यंत मोजायची. ते माझं काम होतं.

मी आत धावले. माझ्यामागं पुंडलिक.

"अठ्ठावन्न," आई म्हणत होती. "एकोणसाठ."

चाकू टेबलावर होता. तिनं आमच्याकडे बघितलं आणि प्रसन्न हसली.

"बाळू, ये. ही मुलगी चांगली आहे हं. एकदा सांगितलं की पाणी ठेवते."

पुंडलिकनं पातेल्यात हात घातला. तसाच, उघडा. दोन्ही फाका त्यानं बाहेर काढून तळहातावर धरल्या. त्या काचेसारख्या झाल्या होत्या, आरपार. त्यानं एकीवर अंगठा टेकवला आणि ती दबली.

"अरे, चिमटा घ्यायचास," आई म्हणाली. "भाजलं ना?"

"न्हाई बाई," तो म्हणाला.

तिनं त्याच्या हातातून फाका घेतल्या, टिपकागदावर ठेवल्या. मग एका कोऱ्या मोठ्या कागदावर पानं मांडायला लागली. एक पान तिनं उलटं ठेवलं. "पाठही दिसली पाहिजे," ती मला म्हणाली. फुलाची एक पाकळी नखानं सरळ केली. पुंडलिक दारात उभा होता. भाजलेला हात त्यानं दुसऱ्या हातात धरला होता. बादलीतलं गार पाणी तिथंच होतं, पण आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नाही.

आईनं पर्समधून लेबलांचा गठ्ठा आणि पेन काढलं. नाव लिहिलं, पूर्ण, शास्त्रीय. ठिकाण लिहिलं. तारीख मला विचारली, मी सांगितली, तिनं वर्षाबद्दल काही शंका न घेता लिहिली. अधिवास: कातळाच्या उतारावरील वाहतं, उथळ पाणी. अक्षर पूर्वीचंच होतं. मग पेन थांबलं.

"किती होती गं तिथं?"

मी पुंडलिककडे बघितलं.

"किती रोपं होती? लिहावं लागतं." ती पेनाकडे बघत होती. "विसात एक घ्यायचं. वीस नसतील तर हात लावायचा नाही, हे मी पहिल्या तासालाच सांगते. सगळ्यांना सांगते. मी मोजली नाहीत का? मी कशी नाही मोजली?"

तिचा चेहरा बदलायला लागला. डोळे खोलीतून फिरले, टेबल, खिडकी, पुंडलिक, मी. ते मला पाठ होतं. आता ती विचारणार होती, हे कुठं आणलंय मला.

"बाई," पुंडलिक दारातून म्हणाला, "तितं—"

"पुष्कळ होती," मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही मला मोजायला सांगितलंत. मी मोजली. साठच्या वर भरली. आणि पलीकडच्या उतारावर आणखी होती, तिकडं मी गेले नाही, साप होते म्हणून."

"साठ?"

"साठच्या वर."

"नक्की? पानं बघून नाही ना मोजलीस? फुलं बघून?"

"फुलं बघून."

तिचे खांदे खाली आले. "बरं झालं," ती म्हणाली आणि लिहिलं: विपुल.

त्याखाली संग्राहक. तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, प्रमिला सबनीस. मग स्वल्पविराम दिला आणि कुणालाही न विचारता पुढं लिहिलं, मंजिरी सबनीस.

"मंजू, त्याला हात नको लावू, शाई वाळू दे," ती म्हणाली. मी टेबलाची कड धरली होती. "अशी काय बघतेस?"

"काही नाही, आई."

"काहीतरी खाल्लंस का सकाळपासून? तोंड कसं उतरलंय बघ."

ती पाऊण तास माझी आई होती. आम्ही चहा घेतला. वडिलांबद्दल बोललो. ते गेले हे तिला ठाऊक होतं. मी नोकरी करते त्या वाचनालयाबद्दल तिनं विचारलं, आणि केस का कापलेस म्हणून रागावली. मग तिला झोप आली.

पुंडलिक व्हरांड्यात बसून होता. कुणीतरी हाताला पाला बांधून दिला होता.

"लई सराईत खोटं बोलला, ताई," तो म्हणाला.

"हो."

"आता मलाबी बोलाय लागणार. डुकरानं उकरलं म्हणून लिवतो. सायेब काय बघाय येतोय?" त्यानं हातावरचा पाला सारखा केला. "खरं लिवलं तर माजी नोकरी जाईल आणि बाईंचं नाव जाईल. कांदा तर गेलाच. मी रिटायर होस्तोवर तेवढं गप ऱ्हावा. मग कुणाला काय सांगायचं ते सांगा."

"तुमचा हात—"

"हाताचं काय न्हाई," तो म्हणाला. उठला आणि गेला. निरोप घ्यायला तो फाटकाशी आला नाही.

उठल्यावर आईनं मला विचारलं, सहलीची बाकीची मुलं कुठं आहेत. त्यानंतर ती चार वर्षं जगली. मंजू म्हणून तिनं मला पुन्हा दोनदाच हाक मारली, आणि त्यातल्या एकदा मी खोलीत नव्हते, शेजारणीनं ऐकलं. पाणकांदा पुढच्या पावसाळ्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी दरवर्षी कचेरीत फोन करून विचारायची. ती गेल्यावर तिचे सगळे नमुने मी कॉलेजला दिले, खोक्यांसकट. तो कागद वेगळा काढून ठेवायचा विचार मनात आला होता. पण तिचं अक्षर आणि त्याशेजारी माझं नाव असलेला तो एकच कागद होता, आणि तो घरात ठेवला तर मी रोज बघितला असता.

या जुलैत एका मुलीचा फोन आला. अक्षता देसाई म्हणून, संशोधन करते. आवाजावरून चोवीस-पंचवीसची असेल.

"मॅडम, लेबलवरचं दुसरं नाव तुमचंच ना?"

"हो."

"मग तुम्हाला जागा आठवत असेल. आम्ही दोन पावसाळे अख्खी पाणथळ पालथी घातली, काही सापडत नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाला चापडा चावला, बोट वाचलं कसंबसं. पण सरांचं म्हणणं आहे, शोधणं सोडायचं नाही. सबनीस बाईंनी सात वर्षांपूर्वी विपुल लिहिलंय, म्हणजे तिथं असणारच. त्या उगाच काही लिहिणाऱ्या नव्हत्या."

"नव्हत्या," मी म्हटलं.

"मग नेमकं कुठं बघू? पायवाटेच्या कुठल्या बाजूला?"

पुंडलिक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. आई नव्हती.

"शोधू नका," मी म्हटलं. "तिथं एकच होतं. ते आम्ही काढलं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"एकच होतं," ती म्हणाली. "मग त्यांनी विपुल का लिहिलं?"

"मी सांगितलं म्हणून."